ई-पंजीयन (इंदूर)

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र इ. दस्त बांधीव पुस्तकांऐवजी संगणकीय अभिलेखात दाखल करून नोंदविण्याची पद्धत. इंदुरातील मराठी घरांत तिलाही ‘रजिस्ट्री’च म्हणतात.

दस्त नोंदणीच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. मराठेशाहीतील पत्रांवर ‘बार’, ‘सुरू सूद’ असे दफ्तरी नोंदीचे शेरे आढळतात. होळकर दफ्तरही त्याच परंपरेतले. त्यावरून काही अभ्यासक नोंदणीचे मूळ तेथे पाहतात. तथापि हे शेरे मुख्यतः सरकारी पत्र दफ्तरात चढल्याची खूण होत. दोन खाजगी पक्षांमधील व्यवहार तिऱ्हाइतास कळावा, हा त्यांचा हेतू दिसत नाही. त्यामुळे बंगालचा 1793 चा 36 वा विनियम, 1864 चा अधिनियम आणि पुढे 1908 चा नोंदणी अधिनियम ही परंपरा अधिक ग्राह्य वाटते. अर्थात इंग्रजी मुलखातील कायदा होळकर संस्थानास आपोआप लागू नव्हता.

1908 च्या अधिनियमानुसार स्थावराचे दस्त पुस्तक क्र. 1 मध्ये उतरवून घेतले जात. 2001 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 16-क ने ही पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवण्यास मुभा दिली. त्यात फ्लॉपीचा उल्लेख आजही आहे. दस्त सामान्यतः निष्पादनापासून (म्हणजे सही करून दस्त पूर्ण केल्यापासून) चार महिन्यांत सादर करावा लागतो (कलम 23). संगणकावर उमटणारी वेळ या मुदतीसाठी महत्त्वाची. हक्काचा अग्रक्रम मात्र तिच्यावरून ठरत नाही, कारण कलम 47 नुसार नोंदलेल्या दस्ताचा अंमल नोंदणीच्या वेळेपासून सुरू होत नाही. सामान्य लेखनात या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते.

मध्य प्रदेशात 2015 मध्ये ‘संपदा’ प्रणाली आली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिची दुसरी आवृत्ती. मुद्रांक शुल्क ई-स्टॅम्पने भरतात. मसुदा सहसा ‘सेवा प्रदाता’ (परवानाधारक मध्यस्थ) भरून देतो.

जुन्या कागदांचा प्रश्न वेगळा आहे. मोडीतील खताचे स्कॅन म्हणजे केवळ चित्र. त्यातील नाव संगणकाला शोधता येत नाही. शिवाय ‘विनायक रामचंद्र’ असे आडनावाविना लिहिलेले नाव सूचीत कोठे घालावे, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. त्यामुळे मालकीची साखळी तपासताना मोडी जाणकाराची गरज उरतेच.

मृत्युपत्र माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कक्षेबाहेर आहे. ते कागदावरच करावे लागते आणि इच्छा असल्यास मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येते (कलम 42).