युरोपीय संघराज्यवाद

युरोपातील राष्ट्रांनी आपल्या सार्वभौम अधिकारांपैकी काही एका सामाईक सत्तेकडे सोपवावेत आणि उरलेले स्वतःकडे ठेवावेत, असे मानणारी विचारसरणी व चळवळ. तिचे अंतिम उद्दिष्ट युरोपचे संघराज्य हे होते. प्रत्यक्षात उभा राहिलेला २७ सदस्य राष्ट्रांचा युरोपीय संघ तिथवर पोचलेला नाही, मात्र साध्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तो फार पुढे गेला आहे. कायद्यापुरते संघराज्य, तिजोरी आणि सैन्यापुरता सैलसर राज्यसंघ (म्हणजे स्वतंत्र राष्ट्रांची नुसती जूट), हे त्याचे वर्णन वस्तुस्थितीला सर्वांत जवळचे ठरेल.

हा विचार स्पष्ट शब्दांत मांडला गेला तो कैदेत. मुसोलिनीच्या राजवटीने व्हेन्तोतेने या छोट्या बेटावर स्थानबद्ध केलेल्या अल्तिएरो स्पिनेल्ली आणि एर्नेस्तो रोस्सी यांनी १९४१ मध्ये एक जाहीरनामा लिहिला. उर्सुला हिर्शमान यांच्या मदतीने तो चोरून मुख्य भूमीवर पोचला. कोणाच्याही तंत्राला न बांधलेले सार्वभौम राष्ट्र हेच युद्धाचे मूळ आहे. युद्धानंतर जुनीच राष्ट्रे जशीच्या तशी उभी केली, तर तेच पुन्हा घडेल, असा त्याचा युक्तिवाद होता. हिटलरचे सैन्य जवळपास सगळ्या युरोपावर पसरलेले असताना कैद्यांनी विजयानंतरच्या युरोपची घटना मनात आखावी, ही गोष्ट आजही थक्क करते.

स्पिनेल्लींना थेट घटना समिती हवी होती. झाले मात्र फ्रान्सचे नियोजनप्रमुख झाँ मोने यांच्या मार्गाने, एकेक क्षेत्र सामाईक करत. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शुमान यांनी फ्रान्स व जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका उच्चाधिकार मंडळाखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याला युरोपीय संघराज्याचे पहिले पाऊल म्हटले. १९५१ च्या करारात सहा राष्ट्रे सामील झाली. सामाईक सैन्याचा पुढचा प्रयत्न मात्र ऑगस्ट १९५४ मध्ये फ्रान्सच्याच संसदेत कोसळला. तलवार राष्ट्रांकडेच राहणार हे तेव्हा ठरले आणि १९५७ च्या रोम करारापासून एकीकरणाची वाट बाजारपेठेतून गेली.

केंद्राला खरे बळ दिले ते लक्झेंबर्गमधील युरोपीय न्यायालयाने. करार नागरिकांना थेट हक्क देतात आणि ते हक्क देशातल्या न्यायालयात मागता येतात, असे त्याने १९६३ मध्ये ठरवले. पुढच्या वर्षी फ्लामिनियो कोस्ता यांचा खटला आला. वीज कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून मिलानच्या या वकिलाने दोन हजार लिरांहूनही कमी रकमेचे बिल भरायचे नाकारले होते. त्या किरकोळ बिलावरून न्यायालयाने सामाईक कायदा सदस्य राष्ट्राच्या कायद्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचे जाहीर केले. हे श्रेष्ठत्व करारांच्या कलमांत आजही लिहिलेले नाही. २००४ च्या घटनात्मक करारात ते होते, पण फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी २००५ मध्ये तो करार फेटाळला आणि त्याच्या जागी आलेल्या २००७ च्या लिस्बन करारात ते कलम वगळून शेवटी एक निवेदन तेवढे जोडले गेले.

सदस्य राष्ट्रांनी आपली बाजू सोडली नाही. शेतीच्या अर्थसाहाय्यावरून आणि बहुमताने निर्णय घेण्याच्या वाढत्या व्याप्तीवरून वाद पेटला, तेव्हा १९६५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी मंत्रिपरिषदेतील फ्रान्सची खुर्ची सात महिने रिकामी ठेवली. जानेवारी १९६६ च्या लक्झेंबर्ग तडजोडीने अत्यंत महत्त्वाच्या राष्ट्रहिताच्या प्रश्नावर व्यवहारात नकाराधिकारच मान्य केला. १९९१ मध्ये, युरोपीय संघ स्थापन करणाऱ्या मास्ट्रिख्ट कराराच्या मसुद्यातील ‘संघराज्य’ हा शब्द ब्रिटनच्या आग्रहाने गाळला गेला. जे काम राष्ट्राच्या पातळीवर नीट होऊ शकते त्यात संघाने हात घालू नये, हे सहायकतेचे तत्त्व मात्र त्याच कराराने, पूर्णपणे संघाची असलेली क्षेत्रे वगळता, सर्वत्र लागू केले.

आजच्या रचनेत संघाला करारांनी दिलेलेच अधिकार आहेत, शेषाधिकार, म्हणजे वाटणीत न आलेले अधिकार, राष्ट्रांकडे राहतात. भारतात ते केंद्राकडे आहेत, हा फरक मूलभूत आहे. सीमाशुल्क, व्यापारधोरण, स्पर्धा नियम आणि युरो वापरणाऱ्यांपुरते चलन ही क्षेत्रे पूर्णपणे संघाची. बहुतेक कायद्यांना थेट निवडलेल्या युरोपीय संसदेची आणि सदस्य राष्ट्रांच्या मंत्र्यांच्या परिषदेची संमती लागते. परिषदेत ५५ टक्के राष्ट्रे आणि ६५ टक्के लोकसंख्या असे दुहेरी बहुमत हवे. अंमलबजावणी बहुतांशी राष्ट्रांच्याच यंत्रणेकडे असते. नाशिकच्या द्राक्षांवरील कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा सर्व २७ देशांसाठी एकच आहे, पण रॉटरडॅमला पेटी तपासणारा अधिकारी डच सरकारचा असतो.

नागरिकत्वात हा समतोल सर्वांत नाजूक होतो. संघाचे नागरिकत्व सदस्य राष्ट्राच्या नागरिकत्वातूनच मिळते आणि ते कोणाला द्यायचे हे राष्ट्र ठरवते. पोर्तुगालच्या कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिक होता येते. त्या एका देशाच्या नियमामुळे हजारो गोमंतकीयांना इतर सर्व सदस्य देशांत राहण्याचा व काम करण्याचा हक्क मिळाला. इतर देशांनी अशा नागरिकत्वावर जादा अटी लादू नयेत, असे न्यायालयाने १९९२ मध्ये मिकेलेत्ती खटल्यात सांगितले. एप्रिल २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने माल्टाची गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची योजना बेकायदा ठरवली. राष्ट्राच्या सर्वांत खाजगी वाटणाऱ्या अधिकारालाही आता सीमा आहे.

शेवटचा शब्द कोणाचा, हा वाद मिटलेला नाही. संघाने आपली हद्द ओलांडली का हे तपासण्याचा हक्क जर्मनीचे घटनात्मक न्यायालय स्वतःकडे ठेवते. मे २०२० मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीबाबत त्याने लक्झेंबर्गचा निकाल मानला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडच्या न्यायाधिकरणाने करारांतील काही तरतुदी पोलिश घटनेशी विसंगत ठरवल्या. दोन्ही घटना एका मापाने मोजणे योग्य नाही. जर्मन न्यायालय अधिकारांच्या मर्यादेबद्दल भांडत होते, तर पोलंडमध्ये न्यायाधीशांचे स्वातंत्र्यच पणाला लागले होते.

पैशाच्या बाबतीत केंद्र अजून दुबळे आहे. संघाचे अंदाजपत्रक सदस्यांच्या एकत्रित उत्पन्नाच्या सुमारे एक टक्का असते. कोविड काळात, जुलै २०२० मध्ये, ७५० अब्ज युरोपर्यंत सामाईक कर्ज उभारण्याचे ठरले. संघराज्यवाद्यांनी दशकानुदशके मागितलेली ही गोष्ट संकटाने काही महिन्यांत घडवली, तीही तात्पुरती म्हणून.

कर, परराष्ट्र धोरण आणि नव्या सदस्यांचा प्रवेश यांना आजही एकमत लागते. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करण्याचा निर्णय झाला, तो हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्तोर ओर्बान दालनाबाहेर गेले असताना, उरलेल्या २६ जणांच्या संमतीने. अनेक विषय एकमताऐवजी बहुमताकडे नेण्याची सोय लिस्बन करारात आहे, पण ती वापरायला सर्व सरकारांचे एकमत लागते आणि कोणत्याही एका देशाची संसद ती रोखू शकते.