द्व्यर्थी विनोद, मुंबईच्या लोकरंजनातील

वरवर निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांतून चावट अर्थ सुचवणारा विनोद. मुंबईत तो तमाशा, वगनाट्य व चित्रपट यांतून रुळला.

त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक तो हाल राजाच्या गाथासप्तशती या प्राकृत काव्यसंग्रहापर्यंत (साधारणतः इ. स. पहिले शतक, बऱ्याच गाथा उत्तरकालीन असाव्यात) नेतात, काही संस्कृतातील प्रहसन व भाण या विनोदी नाट्यप्रकारांपर्यंत. मात्र गाथा आणि पेशवाईतील लावणी यांच्यामधला हजारांहून अधिक वर्षांचा सांधा जुळवणे कठीण जाते. गोंधळ, बहुरूपी आणि शिमग्याची सोंगे यांतून तो आला, हे मत त्यामानाने ग्राह्य वाटते. ‘तमाशा’ हा शब्द अरबी, फारसीमार्गे आलेला. त्यावरून खेळही तिकडचा ठरत नाही. एकनाथांच्या भारुडातही दोन अर्थ असतात, पण तिथे वरचा लौकिक आणि आतला पारमार्थिक. बतावणीत, म्हणजे तमाशातल्या विनोदी संवादात, आतला अर्थ देहाकडे वळतो, कारागिरी तीच.

तमाशातल्या गौळणीत मावशीचे काम पुरुष करतो. कृष्णाचा सवंगडी पेंद्या तिची वाट अडवतो : “कुठं निघालीस?” “मथुरेच्या बाजाराला.” “काय घेऊन?” “दूध.” पेंद्या काही बोलत नाही, नुसता ढोलकीवाल्याकडे पाहतो. एक थाप पडते आणि तंबू हसतो. कागदावर मात्र ही वाक्ये शाळेच्या पुस्तकात शोभतील अशी.

परिनिरीक्षणाची (सेन्सॉरची) अडचण नेमकी इथे होती. स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर घातलेली बंदी पुढे संहिता तपासून घेण्याच्या अटीवर उठली. पण तपासणाऱ्याच्या हाती संहिता येई, थाप येत नसे.

प्रेक्षक मुख्यतः गिरणगावातले, कुटुंब गावी ठेवून खानावळीत जेवणारे कोकणी व घाटी कामगार. लालबागचे हनुमान थिएटर हे त्यांचे ठिकाण होते. नायगावात जन्मलेल्या दादा कोंडके (१९३२–९८) यांनी वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या वगनाट्यातून आणि ‘सोंगाड्या’पासून (१९७१) चित्रपटांतून हा विनोद मध्यमवर्गापर्यंत नेला. त्यांच्या ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) या हिंदी चित्रपटाच्या नावात ‘दिया’ नाम धरले तर दिवा. क्रियापद धरले की कर्म गायब, ते प्रेक्षकाने भरायचे.

छापील साहित्यात हा प्रकार कमी. तिथला वाद उघड शृंगारवर्णनाचा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ कथेवरील अश्लीलतेच्या खटल्यात उच्च न्यायालयाने दोषी धरलेले लेखक चंद्रकांत काकोडकर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटले.