लायटरच्या भोकापासून आरशाच्या दांडीपर्यंत: मोटारीतल्या रडार डिटेक्टरची पार्श्वभूमी

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांतल्या पुष्कळ मराठी घरांतलं कुणी ना कुणी अमेरिकेत असतं. तिथून येणाऱ्या बॅगांतून बदाम-चॉकलेटांसोबत हल्ली गाडीचं सामानही निघतं, आणि त्यात अधूनमधून एक काळी डबी असते, पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची आधीच चाहूल देणारा रडार डिटेक्टर. घरात दोन सीटची स्पोर्ट्स कार असेल तर ती डबी घेऊन कुणी भाचा-पुतण्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पोचतो. तिथे प्रश्न दोनच असतात. करंट कुठून घ्यायचा? आणि डबी लावायची कुठे?

हे दोन्ही प्रश्न पन्नास वर्षं जुने आहेत. उत्तरं मात्र दर पंधरा-वीस वर्षांनी पालटली. माझ्या मते त्यामागे डिटेक्टरमधल्या सुधारणांपेक्षा मोटारीतले बदल अधिक आहेत. कुठल्याही कारखान्याने गाडीत या डबीसाठी जागा ठेवली नव्हती. दुसऱ्याच कामासाठी जे काही गाडीत आलं, त्यावरच तिने आपलं भागवलं.

आधी पोलिसांचं रडार. हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरीची वारंवारता बदलते, हे ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ मध्ये मांडलेलं तत्त्व त्याच्या मुळाशी आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारचं तंत्र पिकलं आणि १९४७ च्या सुमारास अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, ग्लास्टनबरी गावाजवळच्या रस्त्यावर, मोटारींचा वेग मोजायला ते वापरून पाहण्यात आलं. पुढे त्यासाठी ठरावीक पट्टे मुक्रर झाले: एक्स बँडमध्ये १०.५२५ गिगाहर्ट्‌झ, के बँडमध्ये २४.१५०, आणि नंतर ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्‌झचा केए बँड. ताशी १०० किलोमीटरने समोरून येणारी गाडी २४.१५० गिगाहर्ट्‌झच्या लहरीत जेमतेम साडेचार हजार हर्ट्‌झचा फरक पाडते. तेवढ्या फरकावर पावती फाटते.

रडारची लहर गाडीपर्यंत जाते आणि आदळून परत येते. परतणाऱ्या लहरीचं बळ अंतराच्या चौथ्या घाताने घटतं, तर गाडीवर सरळ पडणाऱ्या लहरीचं वर्गाने. म्हणून पोलिसाला वेग वाचता येण्याच्या कितीतरी आधी गाडीतल्या साध्या रिसीव्हरला ती लहर जाणवते. डिटेक्टरचा सगळा धंदा या एका गणितावर उभा आहे. ओहायोतल्या डेटनच्या डेल स्मिथला वेगाबद्दल दंड झाला, तेव्हा त्याने हे गणित हाताशी धरून फझबस्टर बनवला. पहिला चाललेला डिटेक्टर म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. खप वाढला तो तेलटंचाईमुळे. इंधन वाचवायला २ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेत कायदा झाला आणि देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे साधारण ८८ किलोमीटरची मर्यादा आली. जिथे लोक वर्षानुवर्षं त्याहून जोरात जात होते, तिथे हेच रोजचं भांडण झालं.

आता करंट. त्या काळच्या डब्याला वीज मिळायची ती सिगारेट लायटरच्या भोकातून. हे भोक मोटारीत १९२० च्या दशकात आलं ते केवळ विडीकाडीच्या सोयीसाठी, आणि तीस-एक वर्षं त्याला दुसरं काही काम नव्हतं. १९५० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकन गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या आणि त्या भोकाला खरी किंमत आली. टोक पॉझिटिव्ह, कडा निगेटिव्ह. स्पॅनरला हात न लावता वीज मिळणारी गाडीतली ही एकच जागा. पण तिचा घाट मुळात लायटरचा. तो तापला की बाहेर यावा, अशीच ती योजना. त्यातून व्यासही दोन प्रकारचे, एक सुमारे २१ मिलिमीटरचा, दुसरा साडेएकवीसच्या आसपासचा. एका मापाचा प्लग दुसऱ्या मापात सैल बसतो आणि स्पोर्ट्स कारच्या कडक सस्पेन्शनवर, आपल्याकडच्या रस्त्यांवर तर विशेषच, हळूहळू निसटतो. ‘मामा, नुसतं खुपसलं की झालं ना?’ असं विचारणाऱ्या भाच्याला हेच सांगायचं असतं. खुपसलं की झालं, पुढच्या स्पीडब्रेकरपर्यंत.

डबी लहान होणं हा त्यानंतरचा टप्पा. जिम येगर आणि माइक व्हॅलेंटाइन या दोन इंजिनिअरांनी १९७८ मध्ये सिनसिनाटी मायक्रोवेव्ह कंपनीतर्फे एस्कॉर्ट नावाचा डिटेक्टर आणला. त्यात सुपरहेटरोडाइन पद्धत होती. एडविन आर्मस्ट्राँगने ती १९१८ मध्ये रेडिओसाठी काढली होती. डिटेक्टर आतच एक लहर तयार करतो, बाहेरून आलेली तिच्यात मिसळतो आणि फरक वाचतो. संवेदनशीलता कितीतरी वाढली. मात्र आतली लहर थोडी बाहेरही गळते, आणि ती पकडणारी उपकरणं पोलिसांकडे आली. चोराला शोधणाऱ्याला शोधणारा, असा मजेशीर खेळ त्यातून सुरू झाला. व्हर्जिनिया राज्यात आणि वॉशिंग्टन शहरात डिटेक्टरलाच बंदी आहे. तिथे हा खेळ अर्थातच गमतीचा राहत नाही. १९८४ मध्ये पासपोर्ट हे खिशात मावणारं मॉडेल आलं. १९९२ च्या व्हॅलेंटाइन वन या डिटेक्टरमध्ये मागे बघणारा दुसरा अँटेना आला आणि रडार कोणत्या बाजूला आहे ते बाणाने दिसू लागलं. डबी हलकी झाल्यावर ती डॅशबोर्डवरून सन व्हायझरवर आणि तिथून सक्शन कपने काचेवर चढली. मात्र करंट अजून खाली लायटरमध्येच, त्यामुळे गिअरच्या दांड्यापासून काचेच्या माथ्यापर्यंत वेटोळ्याची तार लोंबकळत राहिली.

स्पोर्ट्स कारमध्ये बसवण्याची जागा हा निराळाच वाद आहे, आणि मला तरी तोच सर्वांत रंजक वाटतो. गाडी जमिनीलगत, काच खूप आडवी, छत बुटकं. डबी जितकी उंच तितकं तिला चढावापलीकडचं, पुढच्या गाड्यांच्या टपावरून दिसतं. म्हणून रडारसाठी वरची जागा चांगली. पण काचेच्या वरच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते, तिच्यावर सक्शन कप नीट धरत नाही. खाली डॅशबोर्डवर ठेवावी तर आडव्या काचेत तिचं प्रतिबिंब पडतं, पुढचा वायपर आड येतो, आणि उघड्या टपाच्या गाडीत ऊन थेट डोक्यावर. बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेवर रबराचा कप दुपारभर टिकला तर नशीब. चिकटपट्टीचा गोंदही पाघळतो. त्यात १९८० च्या दशकापासून काही गाड्यांच्या काचेत धातूचा अतिपातळ थर येऊ लागला, कधी काच तापवायला, कधी उष्णता अडवायला. साधी काच आणि प्लास्टिक यांतून मायक्रोवेव्ह जातात, धातूच्या थरातून जवळजवळ नाही. अशा काचेमागे उत्तमातली उत्तम डबीही आंधळी. काही गाड्यांत आरशाजवळ टोलच्या टॅगसाठी थर नसलेली खिडकी सोडलेली असते, तेवढीच काय ती आशा.

तार लपवायचं काम सोपं झालं ते फ्यूजमुळे. पूर्वी काचेच्या नळीचे फ्यूज असत. लिटलफ्यूज कंपनीने १९७६ मध्ये पात्याचा फ्यूज आणला. एका फ्यूजच्या जागी दोन फ्यूज धरणारा जोड त्यामुळे शक्य झाला: गाडीचा मूळ फ्यूज जिथल्या तिथे, शेजारी एक-दोन अँपिअरचा नवा. डिटेक्टरला लागतो अर्ध्या अँपिअरच्या आतबाहेर करंट, म्हणजे तेवढा पुरतो. चावी बंद केल्यावर मरणारं सर्किट मात्र शोधून घ्यावं लागतं. स्पोर्ट्स कार घरी उभीच जास्त असते. कायम चालू सर्किटवर डबी जोडली तर दिवाळीला काढायला गेलेली गाडी धक्का मारूनच निघायची.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणखी एक खोच. एमजीबीसारख्या गाडीत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे. आजचं उपकरण तिथे थेट जोडलं तर करंट उलटा जाऊन सर्किट जळतं. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं; अशा जुन्या गाड्यांजवळ नवी वस्तू नेण्याआधी मेकॅनिक मीटरने ध्रुव तपासतो तो याचसाठी. एमजीची खूण लावलेल्या गाड्या आता बडोद्याशेजारी हालोललाच बनतात. त्यांत अर्थातच निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं.

शेवटचा पालट आरशाने आणला. मागच्या दिव्यांच्या झोताने आपोआप काळवंडणारा आरसा जेंटेक्स कंपनीने १९८७ मध्ये विकायला काढला आणि त्याच्यासाठी छतातून १२ व्होल्टची तार काचेच्या माथ्याशी येऊन ठेपली. डिटेक्टरला नेमकी तिथेच जागा हवी होती. आरशाच्या जोडणीतून करंट घेणारी वीतभर तार, आणि आरशाच्या दांडीला आवळायची ॲल्युमिनियमची पकड, एवढ्यात काम भागलं. कॅलिफोर्निया, मिनेसोटा अशा राज्यांत काचेवर वस्तू चिकटवण्यावर निर्बंध आहेत. दांडीला बांधलेली वस्तू काचेला शिवत नाही, हाही या पकडीच्या खपाचा एक भाग.

बडोद्यात या सगळ्याचा उपयोग किती? अहमदाबाद एक्सप्रेसवेचे ९३ किलोमीटर समोर असले तरी थोडाच. इथे भर लेझर स्पीडगनवर आणि कॅमेऱ्यांवर आहे. लेझरचा झोत सुमारे ९०४ नॅनोमीटरचा, आणि ३०० मीटरवर त्याची रुंदी मीटरभरही नसते. पोलीस तो नंबरप्लेटवर धरतात. आरशामागच्या डबीला तो दिसला तर गाडीचा वेग आधीच मोजून झालेला असतो. के बँडमध्ये तर शेजारच्या गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर आणि मॉलचे आपोआप उघडणारे दरवाजेही बोलतात, त्यामुळे शहरात डबी फुकटच ओरडत राहते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात इलेक्ट्रॉनिक देखरेखीचं कलम १३६ अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याखाली नियम १६७ अ झाला. त्यानुसार अशा देखरेखीच्या रस्त्यावर सूचनाफलक लावणं यंत्रणेलाच बंधनकारक आहे. फलक वाचायला करंट लागत नाही.

डबीसाठी घडलेली कारागिरी मात्र इथे कामी येते आहे, डॅशकॅमसाठी. तोच फ्यूजचा जोड, तीच चावीवरची लाइन, तीच आरशामागची जागा. फरक पडला आहे तो काचेच्या बाजूच्या खांबात. पूर्वी तार त्याच्या आवरणाखाली दाबून दिली की झालं. आता तिथे बाजूची एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. तार तिच्यावरून गेली तर उघडताना बॅग अडते किंवा तार उडते. म्हणून आवरण पूर्ण काढून तार बॅगेच्या मागून, मूळ वायरिंगला बांधून न्यावी लागते.