जांभळ्या सालीचा बटाटा (मराठवाड्यातील परसबाग)

गडद जांभळी साल आणि बहुधा पिवळसर गर असलेल्या बटाट्याच्या वाणांना हे नाव आहे. वनस्पती नेहमीच्या बटाट्याचीच (सोलॅनम ट्यूबरोसम). मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीत. सालीचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेचा ‘कुफरी नीलकंठ’ हा भारतातील परिचित वाण. त्याची शिफारस उत्तर भारतातील मैदानांसाठी असल्याने मराठवाड्यात तो हौसेनेच लावायचा. कोनफळ हा निराळा कंद. ते वेलीला येते आणि बरेचदा आतूनही जांभळे निघते.

लागवड : खरी अडचण हवामानाची. कंद धरायला रात्रीचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या खाली लागते आणि परभणी-लातूरकडची थंडी फेब्रुवारीतच मोडते. म्हणून दिवाळीच्या सुमारास, फार तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बेणे मातीत गेले पाहिजे. उशीर झाला की वर पाला माजतो आणि खाली गोट्या सापडतात. दोन-तीन डोळ्यांच्या फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकवून वीतभर अंतराने सरीवर लावतात.

काळ्या भारी जमिनीत शेणखत व वाळू मिसळून वाफा भुसभुशीत करावा लागतो. ही माती पाणी धरून ठेवते तेव्हा कंद सडतात. सुकली की भेगाळते, आणि भेगांतून उजेड व पोखरणारी अळी दोन्ही कंदापर्यंत पोहोचतात. उजेडाने बटाटा हिरवा होऊन त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. पांढऱ्या सालीवर हा हिरवेपणा लगेच दिसतो, जांभळ्या सालीखाली मात्र लपतो; नखाने खरवडूनच पाहावे. महिन्याभरात मातीची भर लावणे त्यासाठीच. चुलीची राख टाकण्याची सवय इथे आवरावी, कारण आधीच विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) असलेल्या जमिनीत राखेने सालीवर खवड्या वाढतात. साधारण ९० ते १०० दिवसांनी पाला पिवळा पडतो. तो कापून दहा-बारा दिवस थांबले की साल पक्की होते. घाईने काढल्यास ती अंगठ्याने सुटते, आणि सालच गेली तर या बटाट्यात वेगळे उरते काय?

पाककृती : सोलून केलेली भाजी साध्या बटाट्यासारखीच दिसते. चिरून उकळला तर रंग पाण्यात उतरतो, म्हणून अख्खा वाफवून मग फोडी करतात. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यात साल निळसर-हिरवट पडते, लिंबू पिळले की तांबूस होते. सोडा अर्थातच टाळावा. जिरे, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट घालून केलेली उपवासाची भाजी त्याला शोभते. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात रंग बुडून जातो. लवकर लावलेले पीक हुरड्याच्या दिवसांत हाती आले तर गोवऱ्यांच्या आगटीत, आरात पुरून भाजणे सर्वांत उत्तम: साल करपून कुरकुरीत होते, आतला पिठूळ गर जवसाच्या चटणीशी खातात.

बेणे : चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात घरातले बेणे सुरकुतते किंवा सडते. शीतगृहाची सोय नसेल तर ते दरवर्षी नव्याने मिळवावे लागते. माव्यामुळे पसरणारे विषाणूरोग घरच्या बेण्यातून पुढच्या पिकात जातात, हेही त्याचे एक कारण.