प्रीरिक्विझिट आणि ब्रिज कोर्स: यादी एकसारखी, अर्थ वेगळा

रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा गणिताची पदवी हातात असताना इंजिनिअरिंगच्या एमएसचा विचार करणारा माणूस विभागाने दिलेली विषयांची यादी वाचतो आणि हबकतो. आपलं सर्किट्स झालेलं नाही, फ्लुइड मेकॅनिक्स नाही, सिग्नल्स अँड सिस्टिम्स नाही. काही जण तिथेच नाद सोडतात. काही जण ‘नंतर बघू’ म्हणत अर्जाची फी भरून टाकतात. ही यादी नेमकी कसली, हे दोघांनीही विचारलेलं नसतं.

प्रीरिक्विझिट म्हणजे प्रवेशाआधी झालेला असायलाच हवा असा विषय. कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स सहसा या गटात येतात. भौतिकशास्त्रवाल्यांना त्यांची अडचण नसते. जीवशास्त्राकडून बायोमेडिकलकडे वळणारे मात्र इथेच अडतात. अशांनी अर्जाच्या वर्षभर आधी ते विषय कुठेतरी रीतसर, गुणपत्रिकेवर दिसतील असे करून घ्यावेत.

ब्रिज कोर्स, ज्याला काही विद्यापीठं लेव्हलिंग कोर्स म्हणतात, प्रवेश मिळाल्यावर करायचा असतो. पत्रात ‘सशर्त प्रवेश’ असं लिहिलेलं असतं आणि ठरावीक ग्रेड मिळवावी लागते. खरा फटका पुढे बसतो: या विषयांची क्रेडिट्स बहुतेक ठिकाणी पदवीत धरत नाहीत. अमेरिकेत एमएस साधारण 30 क्रेडिट्सची असते. तीन क्रेडिट्सचे चार ब्रिज कोर्स लागले, तर 12 क्रेडिट्स वाढली. म्हणजे जवळपास एक सत्र, त्याची फी आणि तेवढ्या दिवसांचा राहण्याचा खर्च. हे गणित अर्जाआधीच मांडायला हवं, आणि नेमकं तेच कुणी मांडत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

एकच विषय एका विभागात प्रीरिक्विझिट असतो, दुसऱ्यात ब्रिज. म्हणून विषयाचं नाव सोडा, क्रियापद वाचा. ‘पूर्ण केलेले असावेत’ आणि ‘पूर्ण करावे लागतील’ यांत सगळा फरक आहे. काही अभ्यासक्रम तर बाहेरून येणाऱ्यांसाठीच आखलेले आहेत, जसे बॉस्टन विद्यापीठाचा लीप किंवा कॉम्प्युटर सायन्ससाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा एमसीआयटी.

नावावरून आणखी एक फसगत होते. रसायनशास्त्रात थर्मोडायनॅमिक्स शिकलात, तरी केमिकल इंजिनिअरिंगमधल्या त्याच नावाच्या विषयात भर वाहत्या प्रक्रियांच्या ऊर्जेच्या हिशेबावर आणि मिश्रणांच्या फेज इक्विलिब्रियमवर असतो. उलट, सिग्नल्स अँड सिस्टिम्समधला फुरिये ट्रान्सफॉर्म भौतिकशास्त्रात पक्का झालेला असतो. राहिलेलं असतं ते सॅम्पलिंग आणि झेड-ट्रान्सफॉर्म. अशा वेळी तुमच्या विषयाचा तपशीलवार अभ्यासक्रम विभागाच्या समन्वयकाला पाठवा आणि विचारा: यातलं काय मान्य होईल, उरलेलं प्रवेशाआधी हवं की नंतर, आणि त्याची क्रेडिट्स पदवीत धरली जातील का? उत्तर ईमेलवरच घ्या.

पीएचडीला ही यादी अनेकदा सैल होते, कारण तिथे मार्गदर्शकाला तुमचं संशोधन कौशल्य हवं असतं.

परवानाधारक इंजिनिअर व्हायचं असेल, तर मात्र वेगळी चौकशी करावी लागते. ब्रिज कोर्सने विभागाची अट भागते; परवाना देणारं मंडळ बहुधा मान्यताप्राप्त इंजिनिअरिंगची मूळ पदवीच पाहतं.