ताक्विट्झ कॅन्यन

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, पाम स्प्रिंग्स शहराला अगदी खेटून असलेली ही घळ. लॉस एंजेलिसपासून साधारण 170 किमी, ट्रॅफिक नसेल तर दोन तासात गाडीने पोचता येतं. पुण्याहून मुलाकडे किंवा मुलीकडे तिकडे राहायला गेलेले आई-बाबा बऱ्याचदा इथे एखादा दिवस काढतात, पण त्यांच्यातले कित्येक जण जून-जुलैमध्ये जातात आणि तिथेच गणित चुकतं, कारण आपल्या डोक्यात धबधबा म्हणजे पावसाळा हे इतकं पक्कं बसलंय की दुसरा सीझन सुचतच नाही.

इथला पाऊस थंडीत पडतो. पॅसिफिकवरून येणारे ढग सॅन हसिंटो डोंगराला (उंची 3302 मीटर) अडतात, पलीकडच्या उतारावर आणि माथ्यावर रिकामे होतात, आणि अलीकडे पाम स्प्रिंग्सला वर्षाला जेमतेम सव्वाशे-दीडशे मिलिमीटर उरतो. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको, सह्याद्री आपल्याशी तेच करतो, ताम्हिणीत हजारो मिलिमीटर आणि शहरात सातशेच्या आसपास, पुढे दौंड-बारामतीकडे गेलं की अजून कमी. फरक एवढाच की तिथे माथ्यावर बर्फ साठतो आणि तो फेब्रुवारीपासून हळूहळू वितळत खाली येतो. म्हणून ताक्विट्झचा धबधबा, साधारण 60 फुटी, फेब्रुवारी ते एप्रिल-मे या काळात भरून वाहतो. त्या आधीच्या हिवाळ्यात बर्फ कमी पडला असेल तर तेव्हाही धार बारीकच. उन्हाळ्यात पाणी अगदीच कमी होतं, वर तापमान 40 च्या पुढे. जुलै ते सप्टेंबर तर घळ फक्त शुक्रवार ते रविवारच उघडी असते.

पायवाट गोल आहे, एकूण जवळपास 3 किमी, चढ शंभरेक मीटर. आकडे वाचून सोपं वाटतं, पण दगडी पायऱ्या उंच-उंच आहेत, काही ठिकाणी फूटभर, आणि सावली जवळपास नाहीच. रोज पर्वती चढणाऱ्याला काही वाटणार नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र काठी घ्यावी आणि सकाळी लवकर निघावं. पाणी भरपूर न्यायचं. रॅटलस्नेक असतात, तेव्हा दगडाच्या फटीत हात घालायचा नाही. वर डोंगरात जोराचा पाऊस चालू असेल तर खाली ऊन असलं तरी ओढ्याला अचानक पाणी येतं, हे आपल्याकडच्या ट्रेकर्सना माहितीच आहे.

ही जागा सरकारी पार्क नाही, हे महत्त्वाचं. घळ आग्वा कालियेंते काविया या मूळनिवासी लोकांची आहे, तिकीट त्यांच्याचकडे काढायचं. त्यांचे पूर्वज इथे शेकडो वर्षं राहिले, खडकांवरची चित्रं आणि पाणी वळवण्यासाठी काढलेल्या जुन्या पाटांच्या खुणा वाटेवर दिसतात. त्यांच्या कथेत ताक्विट्झ हा पहिला शामन, म्हणजे मंत्रशक्ती असलेला माणूस, त्याने ती शक्ती वाईट कामाला वापरली म्हणून त्याला या घळीत हाकललं आणि तो अजून इथेच आहे असं ते मानतात. 1960 च्या दशकाच्या शेवटी इथे इतकी गर्दी, कचरा आणि खडकांवर रंगाने नावं लिहिणं चालू होतं की घळ बंद करावी लागली. मग 1990 च्या दशकाच्या अखेरीस या लोकांनी स्वतः ट्रकच्या ट्रक कचरा उचलून, खडक साफ करून ती पुन्हा उघडली. आपल्या गडांच्या भिंतींवर बदाम आणि नावं बघून ज्यांचा जीव तुटतो त्यांना या कामाची किंमत नक्की कळेल.

मार्चमध्ये गेलात तर वाटेच्या दोन्ही बाजूंना ब्रिटलबुशची पिवळी फुलं असतात, हमिंगबर्ड दिसतात, नशीब असेल तर वरच्या कड्यावर बिगहॉर्न मेंढ्याही. एक दिवस जास्त असेल तर याच लोकांची अँड्रियास कॅन्यन शहराच्या दक्षिणेला आहे, तिथे ओढ्याकाठी शेकडो पाम आहेत आणि चालणंही कमी, त्यामुळे आजी-आजोबांना आधी तिकडेच न्यावं.