सतरा इंची चाकात हवा किती?

दिवाळीच्या सुट्टीत पुतण्या गावी आला तो नव्या चाकांवर. छोट्या हॅचबॅकची कंपनीने दिलेली 15 इंची चाकं काढून त्याने 17 इंची अलॉय बसवून घेतली होती. दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो तेव्हा पंक्चरच्या दुकानासमोर गाडी उभी केली. दुकानातल्या पोराने नळी ओढत विचारलं, "किती मारू भाऊ? चाक मोठं हाय, चाळीस मारून देऊ काय?" बाजूला बंडीचं चाक घेऊन बसलेले एक काका म्हणाले, "टायर रुंद हाय ना बावा, तीस बस झाली." पुतण्या म्हणाला, "दारावरच्या स्टिकरवर 33 लिहिलंय, 33च मार."

तिघांची तीन उत्तरं. आणि तिन्हींत थोडंथोडं खरं आहे, म्हणूनच हा प्रश्न नीट सोडवून बघण्यासारखा आहे.

गाडीचं वजन कोण उचलतं, इथून सुरुवात करू. हवा गेलेला टायर रिमखाली चपटा होतो, म्हणजे नुसतं रबर फारसं काही पेलत नाही. पेलते ती आत कोंडलेली हवा. माणसांसकट गाडी 1,200 किलोची धरली तर एका चाकावर साधारण 300 किलो येतात. 33 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 2.3 किलोचा रेटा. 300 ला 2.3 ने भागा: जेमतेम 130 चौरस सेंटीमीटर. तुमच्या पंजाएवढाच टायरचा तुकडा एका वेळी रस्त्याला टेकलेला असतो, आणि ब्रेक, वळण, सगळं त्या चार पंजांवर चालतं. हवा कमी केली की वजन पेलायला हा तुकडा मोठा व्हावा लागतो, म्हणजे टायर जास्त दबतो.

आता आपल्या अंगणातलीच दोन वाहनं बघा. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर केवढा भार असतो, तरी वावरात त्याला 12 ते 15 पीएसआय हवा पुरते. सायकल माणसाएवढंच वजन वाहते, पण तिच्या टायरला त्याच्या तिप्पट-चौपट दाब लागतो. कारण ट्रॅक्टरच्या टायरचं पोट मोठं. तो चार बोटं दबला तरी रिम जमिनीपासून लांब राहते, आणि टेकणारा भाग मोठा असल्याने थोड्या दाबातही वजन पेललं जातं. सायकलच्या टायरला दबायला जागाच नाही. तो थोडा बसला की रिम खाली लागते. म्हणून तिथे दाब वाढवूनच काम भागवावं लागतं.

काकांचं गणित या ट्रॅक्टरवरून आलेलं होतं. टायरचं पोट वाढलं असेल तर ते बरोबरच आहे. बोलेरोला 215/75 R15 च्या जागी 235/75 R15 टाकला, तर पोट खरोखर वाढतं आणि तेवढंच वजन किंचित कमी दाबातही पेललं जातं. पुतण्याच्या गाडीचं तसं झालं होतं का?

टायरच्या बाजूवरचे आकडे वाचले की कळतं. जुना टायर 185/65 R15 होता. 185 ही मिलिमीटरमधली रुंदी. 65 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, म्हणजे 120 मिलिमीटर. 15 हा रिमचा व्यास, इंचात. वरची आणि खालची भिंत आणि मधली रिम मिळवली की पूर्ण चाक सुमारे 621 मिलिमीटर भरतं. नवा टायर 205/45 R17. त्याची भिंत 92 मिलिमीटर, आणि पूर्ण चाक सुमारे 616. बाहेरून दोन्ही चाकं जवळजवळ सारखीच. ते मुद्दाम तसं ठेवतात, म्हणजे स्पीडोमीटर चुकत नाही आणि चाक मडगार्डला घासत नाही. मोठी झाली ती फक्त रिम, आणि तिने ती जागा टायरकडून घेतली. टायर 20 मिलिमीटरने रुंद झाला, पण भिंत 28 मिलिमीटरने बसली. ढोबळ हिशेब केला तर आतली हवेची जागा दहा टक्क्यांच्या आसपास घटते. म्हणजे गाडी ट्रॅक्टरकडून सायकलकडे थोडी सरकली.

किती सरकली, ते मापाच्या शेवटी छापलेला आकडा सांगतो. त्याला लोड इंडेक्स म्हणतात. जुन्या टायरवर 88 होता, म्हणजे एक टायर जास्तीत जास्त 560 किलो पेलतो. हे 560 किलो मात्र साध्या टायरसाठी 36 पीएसआयच्या दाबाला धरलेले असतात. 205/45 R17 हे माप दोन प्रकारांत मिळतं. एकावर 84 असतो, म्हणजे 500 किलो. दुसऱ्यावर 88 आणि पुढे 'एक्सएल' अशी अक्षरं असतात. एक्सएल म्हणजे जास्त मजबूत सांगाड्याचा टायर. तोही 560 किलो पेलतो, पण 42 पीएसआयला.

सगळी गोम या 36 आणि 42 मध्ये आहे. गाडीच्या कंपनीने 88 च्या साध्या टायरला 33 सांगितले होते. तेवढंच वजन 88 च्या एक्सएल टायरकडून पेलून घ्यायचं तर दाब त्याच प्रमाणात वाढवायला हवा: 33 गुणिले 42, भागिले 36. उत्तर येतं 38.5. म्हणजे स्टिकरवरचे 33 भरून पुतण्या महिनाभर साडेपाच पीएसआय कमी हवेवर फिरत होता, असंच म्हणायला हवं. आणि 84 चा टायर घेतला असता तर? जुना टायर 33 पीएसआयलाच 500 किलोंहून जास्त पेलत होता. नव्याची पूर्ण क्षमताच 500. ती कसर हवा भरून निघत नाही. तो टायर त्या गाडीला घ्यायचाच नाही.

सगळीच मोठी चाकं अशी अडचणीची नसतात. याच गाडीला 195/55 R16, लोड इंडेक्स 87, घेतला असता तर एखाद पीएसआय वाढवून काम भागलं असतं. आपल्या गाडीचं वरचं मॉडेल कंपनीच मोठ्या चाकांवर विकत असेल, तर प्रश्न आणखी सोपा: त्या मॉडेलच्या स्टिकरवरचा दाब बघायचा. तसं काही नसेल तर टायर कंपनीकडे दाब आणि भाराचा तक्ता असतो, तो मागून घ्यावा. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब, 44 किंवा 51, हा मात्र भरायचा आकडा नव्हे. ती त्याची सोसायची हद्द.

आपल्याकडच्या रस्त्यांसाठी आणखी एक गोष्ट. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावरचं डांबर कधी सपाट राहत नाही. कडा तुटलेल्या, मध्येच खड्डे. 120 मिलिमीटरची भिंत खड्ड्याचा दणका पोटात घेते. 92 ची भिंत हवा कमी असेल तर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चिमटली जाते. आतले धागे तुटतात, टायरच्या बाजूला फुगा येतो किंवा अलॉय वाकते. रोज शेताच्या वाटेने जाणाऱ्या गाडीला सतरा इंची चाकं मी तरी सुचवणार नाही.

आता उन्हाळ्याकडे येतो, कारण इथला गैरसमज जिवावर बेतणारा आहे. मे महिन्यात पारा 46-47 ला टेकला की घरोघरी सल्ला मिळतो: हवा कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. हिशेब करून बघा. पहाटे 30 अंशांना 33 पीएसआय भरलेला टायर दुपारी 47 अंशांच्या सावलीत पावणेतीन पीएसआयने वाढतो. चालून तापला की आणखी चार-पाच. टायर बनवतानाच ही वाढ धरलेली असते. धोका असतो तो दबण्यातून येणाऱ्या उष्णतेचा. समृद्धी महामार्गावर ताशी 120 च्या वेगाने जाताना टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला 17 वेळा, तासाभरात साठ हजारांहून जास्त वेळा दबतो आणि सुटतो. तार वाकवून सरळ करत राहिलं की ती गरम होते, तसंच रबर तापतं. हवा कमी असेल तर प्रत्येक वेळचं वाकणं जास्त, म्हणून ताप जास्त. शेवटी आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. जपायचं म्हणून काढलेली हवाच त्याला फोडते.

याच्या उलट, मे महिन्याच्या त्या पहाटे भरलेले 33 डिसेंबरच्या 10 अंशांच्या पहाटे नुसत्या थंडीने 30 वर येतात. शिवाय टायरमधून महिन्याला एखाद पीएसआय आपसूक झिरपतं, ते वेगळं. नायट्रोजन भरला तरी तापमानाचं गणित हेच राहतं. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो.

दाबाचे सगळे आकडे थंड टायरचे असतात, म्हणजे गाडी तीन-चार तास सावलीत उभी असताना मोजलेले. खेड्यात इथेच पंचाईत होते. हवेचं मशीन तालुक्याला, आणि तिथे पोचेपर्यंत टायर तापलेला. त्यावर उपाय एवढाच की दाब मोजायचं छोटं गेज घरी ठेवायचं. सकाळी मोजून किती कमी आहे तेवढं लिहून घ्यायचं, आणि मशीनवर जो गरम आकडा दिसेल त्यात तेवढीच भर घालायची.

पुतण्याच्या टायरवर 88 एक्सएल होतं, ते आम्ही दुकानातच वाकून वाचलं. त्या दिवशी हवा तशीच ठेवली, हळू घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी गेजने मोजली तर चारही चाकांत 31. हव्या होत्या 38, म्हणजे सात कमी. दुकानात पोचलो तेव्हा मशीनवर 34 दिसत होते. पोराला 41 मारायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी पहाटे गाडी अंगणात गार पडलेली होती तेव्हा पुतण्या स्वतः गेज लावायला बसला: 38, 38, 38, आणि मागच्या डाव्या चाकात 37.